पंडिता रमाबाई आणि प्रीती सदन

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य आमच्या वाचकांत क्वचितच सापडेल. बालविधवांच्या कैवारी, संस्कृत विद्येत पारंगत अशा पंडिता, मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकर्त्या ह्या नात्यांनी त्यांचे चरित्र आजवर पुष्कळदा सांगितले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या चरित्रात आणखी एक धागा आहे. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो धागा वृद्ध माणसांचा होय. ज्या मुलीस आपल्या म्हाताऱ्या आईबापांस वेळेवर घासभर अन्न देता आले नाही, तिने पुढे केडगाव येथे जी घरे उभारली त्यांत एक घर केवळ वृद्ध व दुर्बल स्त्रियांचे होते. ह्या लेखात आम्ही त्याच बाजूने हे चरित्र सांगणार आहो.

आताच हा विषय घेण्याचे कारणही सांगून टाकतो. दिवाळी झाली की आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर ह्या भागांतून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडण्यास नवराबायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रातील नाही तर कर्नाटकातील कारखान्यावर जातो, आणि उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाही. गाडीत भांडी चढतात, लेकरे चढतात. म्हातारी मात्र उंबऱ्यावर राहते. तिला नेऊन फडावरच्या पालात ठेवावे कसे, आणि घरी ठेवावे तर तिची भाकरी कोणी थापावी, हा प्रश्न कित्येक घरांत दरवर्षी पडतो. मुले निर्दय झाली आहेत असे आम्ही म्हणत नाही. भूक दोन्ही टोकांस ओढते, इतकेच. रमाबाईंच्या घरी हीच ओढाताण दीडशे वर्षांपूर्वी झाली होती.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. तीर्थयात्रेच्या निमित्ताने ते आमच्याच गोदावरीच्या काठी आले असता तेथे त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. शास्त्रीबोवांचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे गेलेले होते, आणि लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळी दंडक असता शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस ती विद्या दिली. त्यावरून गावात वाद माजला, तेव्हा पश्चिम घाटातील गंगामूळ येथे रानात घर बांधून ते राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. घर यात्रेकरूंच्या वाटेवर असल्यामुळे दारी आलेल्या कोणासही जेवल्यावाचून जाऊ दिले जात नसे. त्यात सारी मालमत्ता आटली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले, आणि तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो पेटारा मजुराच्या डोक्यावर देऊन, ही मंडळी तीर्थोतीर्थी फिरू लागली. देवळांत पुराण सांगावे, श्रोते देतील ते घ्यावे, त्यातले उरेल ते दानधर्म करावे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. पहाटेच्या वेळी आईने ह्या मुलीस संस्कृत पाठ दिले, आणि त्यायोगे हजारो श्लोक तिच्या मुखी बसले.

पुढे दक्षिणेत दुष्काळ आला. अनंतशास्त्री तेव्हा ऐंशीच्या घरात आलेले, दृष्टी गेलेली, शरीर खचलेले. दागिने विकले, वस्त्रे विकली, भांडी विकली. हातांनी काम करावे तर ते कोणास ठाऊक नव्हते. विद्वान ब्राह्मणाने मजुरी करणे त्यांच्या समजुतीप्रमाणे लाजिरवाणे होते, आणि भीक मागणे तर त्याहून कठीण. विद्येचा अभिमान व जातीचा अभिमान ह्या दोन गोष्टी पोट भरीत नाहीत, हे त्या घरास फार उशिरा कळले. शेवटी तिरुपतीच्या बाजूस रानात त्यांनी अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्या. मग वृद्ध शास्त्रीबोवांनी आपला भार मुलांवर राहू नये म्हणून पवित्र तळ्यात देह टाकण्याचा निश्चय केला. येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतो. त्यांच्या मनात देवभक्ती होतीच, परंतु आपण ओझे झालो हे दुःखही तिच्याबरोबर होते. आणि आमच्या खेड्यांत किती म्हातारी माणसे हेच दुःख मुकाट्याने गिळीत असतात हे ज्याने त्यांच्याजवळ बसून पाहिले आहे त्यास वेगळे सांगावयास नको.

त्या वेळी रमाबाईंचे वडील भाऊ श्रीनिवासशास्त्री पुढे आले. आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करू, वडिलांस डोंगरावरून खाली गावात घेऊन जाऊ आणि त्यांचे पोषण करू, असे त्यांनी सांगितले. म्हाताऱ्याचा जीव हलका झाला. मुलगा मजूर होणार हे ऐकून त्या थोर पंडितास वाईट वाटले नाही, उलट समाधान वाटले, ही गोष्ट आम्हांस ह्या साऱ्या कथेत फार मोलाची वाटते. परंतु उशीर झाला होता. १८७४ च्या जुलै महिन्यात, डोंगर उतरल्यावर थोड्याच दिवसांत, अनंतशास्त्रींनी देह ठेविला. जाण्यापूर्वी दृष्टिहीन पित्याने धाकट्या मुलीस हृदयाशी धरले, आपण तिजवर किती प्रेम केले हे विसरू नये आणि देवाची सेवा सोडू नये, असे तिला कळवळून सांगितले. ती आठवण रमाबाईंनी जन्मभर जपली.

तेथून ही मंडळी उत्तरेकडे चालत निघाली व रायचूर येथे पोहोचली. रायचूर त्या काळी परभणीप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. लक्ष्मीबाईंच्या अंगात ताप भरला होता, भ्रमात त्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागत होत्या. घरात काही नव्हते. सोळा वर्षांची रमा शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली, परंतु मागावे कसे हे तिच्या जिभेस येईना. सबंध पुराणे जिला मुखोद्गत, तिला एक भाकर मागण्यास शब्द सापडेना! त्या बाईने तिचे तोंड पाहून ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेविला. रमा धावत आईकडे आली. भाकर आली होती. पण आईला ती खाता आली नाही. ती तशीच निपचित पडली आणि पुढे थोड्याच काळात मरण पावली.

प्रेत स्मशानात नेण्यास ब्राह्मण मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे आले. तिसरा खांदा श्रीनिवासशास्त्रींचा, आणि चौथा रमाबाईंचा. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे खांद्यास खांदा लागेना, म्हणून ताटीचे टोक त्यांना डोक्यावर घ्यावे लागले. काही महिन्यांतच वडील बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. उरले बहीणभाऊ. ते पायी हिंदुस्थानभर फिरले; पंजाबातील थंडीत झेलम नदीच्या काठी वाळूत खळगे करून, मान बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

मधल्या काळातील हकीगत वाचकांस परिचित असल्यामुळे आम्ही ती आटोपती घेतो. १८७८ साली कलकत्त्यात रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव होऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडास गेल्या, परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे तीन वर्षे राहून साहाय्य मिळविले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती होऊ लागल्या म्हणून १८९३ च्या सुमारास पुण्यात जो गहजब झाला तो प्रसिद्धच आहे. पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या थोर गृहस्थांनी संस्थेस आधार दिला होता तेही दूर झाले. दोन्ही पक्षांचे म्हणणे तेव्हा कडवटपणाने मांडले गेले, आणि आम्हांस तो वाद येथे पुन्हा उकरावयाचा नाही.

त्यानंतर १८९५ च्या सुमारास रमाबाई यात्रेकरूच्या वेषात मथुरा–वृंदावनाकडे गेल्या. तेथे त्यांनी विधवांची जी दशा पाहिली तिचे वर्णन त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. तरुण होत्या त्यांचा लोक दुरुपयोग करीत, आणि म्हाताऱ्या झाल्या की त्यांस रस्त्यावर सोडून देत. दिवसभर देवाचे नाव घ्यावे तेव्हा मूठभर धान्य पदरात पडे. आजारी पडून नाव घेण्याचे बळ गेले की धान्यही गेले. रमाबाईंचे लक्ष आरंभी तरुण मुलींकडे होते, कारण धोका त्यांसच अधिक. परंतु वृद्ध विधवांचे ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नसावे असे पुढील हकीगतीवरून आम्हांस वाटते.

१८९६–९७ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तेथे जाऊन सुमारे तीनशे स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती व तेथे इतकी माणसे ठेवण्यास परवानगी मिळेना; तेव्हा पुण्यापासून पंचावन्न किलोमीटरांवर, रेल्वेच्या केडगाव स्टेशनाजवळ, शारदा सदनाच्या खर्चास हातभार लागावा म्हणून घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती, तिकडे त्यांनी सर्वांस नेले. प्रथम तट्ट्यांच्या झोपड्या, मग दगडी इमारती. १८९८ साली ह्या वस्तीस मुक्ती असे नाव देऊन तिचे समर्पण झाले. पुढचा दुष्काळ १८९९–१९०० चा. त्यात गुजरात होरपळले, आणि आमचा मराठवाडाही सुटला नाही. त्या वेळी मुक्तीतील माणसांची संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. त्यांतील कित्येकजणी येतानाच इतक्या क्षीण होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. रायचूरची ती भाकर ज्यांच्या लक्षात आहे त्यांस ह्याचे कारण कळेल. उपासाने खंगलेल्या शरीरास अन्नदेखील बेताने, पातळ करून, थोडे थोडे द्यावे लागते.

ह्या गर्दीत सर्व प्रकारच्या स्त्रिया होत्या. मुली होत्या, तान्ही लेकरे घेऊन आलेल्या आया होत्या, आंधळ्या होत्या, मनाने अधू होत्या, आणि ज्यांचे सारे कुटुंब दुष्काळाने नेले अशा म्हाताऱ्याही होत्या. रमाबाईंनी सर्वांस एकाच छपराखाली कोंबले नाही. शाळेच्या मुलींचे घर निराळे, संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, आणि वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन. मोठ्या संख्येचे लहान लहान गट पाडून प्रत्येकावर एकेक बाई नेमलेली असे. ह्या व्यवस्थेचे महत्त्व पटकन ध्यानात येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

म्हाताऱ्या माणसाची सेवा हे मोठ्या गोष्टींचे काम नव्हे. ते सारे बारीकसारीक गोष्टींत असते. दात नसलेल्यास ज्वारीची भाकर चालत नाही, ती दुधात अथवा वरणात कुसकरावी लागते, किंवा कण्या मऊ शिजवून द्याव्या लागतात. गिळताना ठसका लागतो, म्हणून उताणे निजवून कधीही भरवू नये, पाठीस आधार देऊन बसते करावे आणि घास पोटात गेल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. अर्धांग झालेल्यास दर दोन तासांनी कूस पालटून दिली नाही तर पाठीस व टाचांस जखमा होतात, आणि त्या एकदा पडल्या की महिनोन् महिने भरत नाहीत. म्हातारपणी तहान कळत नाही. पाण्याचा तांब्या जवळ असूनही मनुष्य सुकत जातो, यास्तव मागण्याची वाट न पाहता पाणी पाजावे लागते. रात्री उठताना पडून मांडीचे हाड मोडते, म्हणून वाटेत चौरंग, घागर, दोरी काही असू नये आणि दिवा असावा. अंथरुण ओले झाले तर रागावू नये. त्या माणसास आपल्याहून अधिक लाज वाटत असते. ही सर्व कामे ज्याला त्या एका म्हातारीचा स्वभाव ठाऊक आहे त्याच्याच हातून नीट होतात. शंभर खाटांच्या ओळीत ती होत नाहीत. म्हणूनच लहान घर, थोडी माणसे आणि नेहमीचे ओळखीचे हात ह्यांस आम्ही पहिले स्थान देतो. २००७ साली केंद्र सरकारने आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयी कायदा केला. त्यान्वये मुलांकडून निर्वाहाचा खर्च मागता येतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम काढण्याचेही त्यात म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण दीडशे माणसे एका जागी राहणार असतील तर त्यांचे गट कसे पाडावे हे केडगावी पाहावयास मिळाले होते.

मुक्तीची दुसरी गोष्ट म्हणजे काम. ज्या घरात मजुरीची लाज वाटून माणसे उपाशी मेली त्या घरच्या मुलीने आपल्या संस्थेत कोणालाही हात न हालविता बसू दिले नाही. शेत, गाई, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व स्त्रियांनी चालविले. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेली आणि महाराच्या घरी जन्मलेली एकाच कामावर उभी राहिली. आंधळ्या स्त्रिया टोपल्या विणीत. मनोरमाबाईंनी अंधांची उठावाची लिपी शिकून घेऊन ती त्यांस शिकविली. म्हाताऱ्या माणसास ओझे झाल्याचे दुःख असते असे वर म्हटले आहे. त्यावर उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यापुढे शेंगांचे सूप ठेवावे, लसूण सोलावयास द्यावा, पाळण्याची दोरी हाती द्यावी. आपल्यावाचून घराचे काही अडते एवढे कळले की तिच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो औषधाने पडत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. प्रीती सदन गावाबाहेर, माणसांपासून तोडून ठेवलेले नव्हते. एकाच आवारात शेकडो मुली खेळत, पाठ म्हणत, विहिरीवर पाणी भरीत. ज्या मुलीचे आईबाप दुष्काळात गेले आणि ज्या म्हातारीची नातवंडे दुष्काळात गेली, त्या दोघी एका कुंपणात राहत होत्या. पुढच्या काळात तर मुक्तीत फुलांची नावे असलेली लहान कुटुंबे करण्यात आली आणि त्यांत निरनिराळ्या वयांच्या मुली व स्त्रिया एकत्र राहू लागल्या.

मुक्तीत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. शिस्त कडक होती, घंटेवर सर्व चाले, आणि उभा जन्म आपल्या मर्जीने उठणाऱ्या बसणाऱ्या बाईस ते जड जात असलेच पाहिजे. शिवाय आपले गाव, आपली बोली, आपल्या शेताची वाट सोडून परक्या मुलखात राहणे म्हातारपणी सोपे नसते. तरुण रोप उपटून लावले तर जगते. जुन्या झाडाचे तसे नाही. म्हणून ज्या म्हातारीस घर आहे, पण सहा महिने घरात माणूस नाही, तिला उचलून दूरच्या आश्रमात नेण्यापेक्षा गावातच चार म्हातारी माणसे एका घरी एकत्र येतील, त्यांची एक चूल पेटेल आणि मंडळीतील एखादी समजदार बाई तेथे सकाळ-संध्याकाळ राहील, अशी सोय आमच्या मते अधिक बरी. उपदेशक बंधूंनी ऊसतोडीचे कुटुंब निघण्यापूर्वी त्यांच्या दारी जाऊन, मागे कोण राहते, त्यास काय दुखणे आहे, कोणती गोळी कोणत्या वेळी घ्यावयाची, मुलाचा फोन कोणता, एवढे वहीत टिपून ठेवले तरी पुष्कळ होईल. ज्यांचे कोणीच नाही त्यांच्यासाठी मात्र घरच पाहिजे, आणि रमाबाईंचे घर अशांसाठीच होते.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांकडे आता वळू. त्या स्वतः साधे पांढरे लुगडे नेसत आणि मुलींबरोबर साधे अन्न खात. १९१३ च्या सुमारास मनोरमाबाईंच्या देखरेखीखाली निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे मुलींची शाळा निघाली. ज्या राज्यात आई गेली तेथे लेकीच्या हाताने दीपज्योत लागली असे म्हणावयास हरकत नाही. १९१९ साली सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले. कान जवळजवळ गेले होते, प्रकृती ढासळत होती, आणि तरीही पवित्र शास्त्राचे भाषांतर चालू होते. इब्री व ग्रीक भाषा त्यांनी त्यासाठीच शिकून घेतल्या. खेड्यातील अशिक्षित बाईस ऐकताच कळावे असे सोपे मराठी त्यांस हवे होते, म्हणून पंडितांचे जड शब्द, जे त्यांच्या जिभेवर बालपणापासून होते, ते त्यांनी आपल्या हाताने काढून टाकले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले.

मग १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात, संस्थेची उद्याची आशा, ती आईच्या आधी गेली. वय त्रेसष्ट, कान बधिर, शरीर दुखण्याने जर्जर, आणि पोटचे कोणी नाही, अशी रमाबाईंची स्थिती झाली. लौकिक दृष्टीने पाहता निराश्रित वृद्ध विधवा म्हणतात ती हीच. परंतु त्या निराश्रित नव्हत्या. ज्यांस त्यांनी दुष्काळाच्या वाटेवरून उचलून आणले होते त्या मुली आता मोठ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या भोवती होत्या. आपल्या खोलीत बसून त्या शेवटची मुद्रिते तपाशीत राहिल्या. नऊ महिने असे गेले. भाषांतराचे काम हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, आपल्या चौसष्टाव्या वाढदिवसाच्या अठरा दिवस आधी, झोपेतच त्यांचा प्राण गेला. छापील ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. केडगावची संस्था अद्याप चालू आहे, आणि तेथे मुलांबरोबर वृद्ध स्त्रियाही राहतात.